मतदान केंद्रासाठी खोली कोणती द्यावी?

प्रश्न : विधानसभेच्या मतदानासाठी आमची शाळा घेतली आहे. कोणती खोली द्यावी?
– एक मुख्याध्यापिका, महाल, नागपूर

उत्तर : तळमजल्यावरची, किमान २० चौरस मीटरची. दोन दारं असली तर उत्तम. एकच असेल तर मधे दोरी बांधून येण्या-जाण्याची वाट वेगळी करतात. रॅम्प हवाच. मतदान कक्ष, म्हणजे मत देण्याचा आडोसा, खिडकीपासून दूर ठेवायचा, दिव्याच्या थेट खाली तर नकोच! व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, सेन्सरला प्रखर उजेड चालत नाही. मे २०१८ मध्ये, आपल्या शेजारच्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत यंत्रं बिघडली, तेव्हा निवडणूक आयोगाने हेही कारण दिलं होतं. खोलीतल्या राजकीय नेत्यांच्या तसबिरी झाका. रांगेसाठी सावलीचा व्हरांडा बघा, नागपूरचं ऊन ठाऊकच आहे.