नाक की नऊ टेकड्या? नाशिकच्या नावाचं काय ते

प्रश्न : शूर्पणखेच्या नाकावरून नाशिक नाव पडलं असं आजी सांगायची, ऑफिसातला मित्र म्हणतो नऊ टेकड्यांवरून. खरं कुठलं? आणि इथून जुना व्यापारी रस्ता जायचा म्हणतात, त्याची खूण नावांत उरलीये का?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर : 'नाशिक नव टेकांवर वसविले' ही म्हण जुनीच आहे, आणि जुन्या गढीकडून नदीवर उतरताना ती पटतेसुद्धा. पण आधी पांडवलेण्यांवर जा. तिथे 18 नंबरच्या चैत्यात (म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात) 'नासिककानं' असा शब्द कोरलाय, म्हणजे नाशिककरांचं, धंभिक नावाच्या गावाने केलेलं दान. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं अक्षर आहे ते, आणि त्यात 'नव' कुठेच नाही, सरळ 'नासिक', म्हणून मला टेकड्यांवाला अर्थ मागाहून जोडलेला वाटतो, आजीचं नाकच शब्दाला जास्त जवळचं आहे. मधे मुसलमानी अमलात गुलशनाबाद झालं, पेशवाईत परत नाशिक.

आता रस्ता. सोपाऱ्याच्या बंदरात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, माल उतरायचा आणि थळ घाट चढून वर यायचा, आपण कसारा घाट म्हणतो तोच. पांडवलेण्यांतच 10 नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, तो मला फार आवडतो. त्याने भरुकच्छ (भरूच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन, शूर्पारक (सोपारा) इथे वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, नद्यांची नावं बघा : पारदा, दमणा, तापी, डाहाणुका! पार, दमणगंगा, तापी आणि डहाणूची खाडी. राजे गेले, भाषा बदलली, पण नावेत बसणाऱ्यांनी नावं तशीच ठेवली. त्यातली पार आणि दमणगंगा तर आपल्याच जिल्ह्यात उगम पावतात.

आणि गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडच्या पुढचं आपलं गोवर्धन गाव. तेव्हा ते मोठं ठाणं होतं, सगळा आहारच (म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा) त्याच्या नावाने ओळखला जायचा. तिथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, उषवदाताने 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, 2000 महिना एक टक्क्याने आणि 1000 पाऊण टक्क्याने, व्याजातून भिक्षूंचा खर्च. पेढ्या नव्हत्या तेव्हा विणकरांच्या संघावर एवढा विश्वास होता!

प्रश्न : मग पांडवलेणी नाव कशाला, पांडव तर नव्हतेच ना तिथे?
(एक कॉलेजची विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : नव्हते, बौद्ध भिक्षूंचे विहार आहेत ते. भिक्षू गेले, लोकांना एवढं कोरीव काम पांडवांनीच केलं असणार वाटलं. डोंगराचं लेखातलं नाव त्रिरश्मी, प्राकृतात तिरण्हु. 'लेणी' मात्र खरं, त्या लेखांतच 'लेण' शब्द आहे, आपण अजून तोच बोलतो.