मॉस्फेट म्हणजे स्विचसारखा वापरता येणारा एक ट्रान्झिस्टर; गेट हे त्याचं नियंत्रण करणारं टोक. या गेटमधून करंट जातच नाही, मग तो चालू कसा होतो?

एन-चॅनल मॉस्फेट घ्या. पी-प्रकारच्या (मोकळे इलेक्ट्रॉन फारच कमी असलेल्या) सिलिकॉनमध्ये सोर्स आणि ड्रेन हे दोन एन-प्रकारचे (मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असलेले) भाग; करंट यांच्यामध्ये वाहायचा असतो. मधल्या जागेवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, विद्युतरोधक थर आणि त्यावर गेट. म्हणजे गेट ही कपॅसिटरची एक प्लेटच. तिला धन व्होल्टेज दिलं की तिचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉन थराखाली ओढून आणतं, आणि व्होल्टेजने ठरावीक पातळी (थ्रेशोल्ड) ओलांडली की सोर्स-ड्रेन जोडले जातात.

आपल्या गोव्यातल्या खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराची, फळी आठवा: फळी उचलली की पाणी वाहतं, फळीतून नव्हे. फरक एवढाच, इथे वाटच नव्याने तयार होते. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

गेटखालचा हा ऑक्साइडचा थर स्थितिक विजेने फुटू शकतो. गोव्याची हवा दमट असली तरी मॉस्फेट हाताळताना अंगावरची वीज जमिनीत सोडणारा मनगटपट्टा घालाच.