धूर किंवा स्प्रे घशात गेला की घसा एकदम आवळतो, असं का होतं?

तुम्ही विचारलंय की धूर, परफ्यूम असलं काही श्वासात गेलं की घसा आवळतो, आवाज फुटत नाही, मग ठसका लागतो, तर घसा कमजोर आहे का. तेवढ्यावरून तरी नाही हो, उलट नर्व्ह जाग्या आहेत. मी भूलतज्ज्ञ आहे, स्वरयंत्राचा हा रिफ्लेक्स कायम बघतो आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

व्होकल कॉर्डच्या (म्हणजे स्वरतंतूंच्या) वरच्या अस्तरात सुपिरिअर लॅरिंजिअल नर्व्हची बारीक टोकं पसरलेली असतात, ही व्हेगस नावाच्या, मेंदूतून खाली उतरणाऱ्या मोठ्या नर्व्हची फांदी. काही टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे एक प्रकारचा सेन्सर, असतो, तो मिरचीतल्या कॅप्सेसिनने आणि ॲसिडने चेततो, आणि टीआरपीए१ हा दुसरा रिसेप्टर धुरातल्या ॲक्रोलीन या झोंबणाऱ्या रसायनाने. मेसेज ब्रेनस्टेमपर्यंत (मेंदूच्या बुडाच्या भागापर्यंत) जातो आणि तिथूनच माघारी फिरतो, तुम्ही विचार करायच्या आधीच. कॉर्ड मिटवायचा हुकूम येतो रिकरंट लॅरिंजिअल नर्व्हमधून, आणि ही नर्व्ह म्हणजे कमालच आहे, डावीकडची तर मानेतून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि परत वर येते, एवढा फेरा मारूनही स्नायू हलायला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही.

आता खरी भारी गोष्ट. थेट कॉर्डला काही लागलं तर शरीर आधी श्वास घेत नाही, सरळ बाहेर हवेचा फटका मारतं, कारण आत ओढलं तर ते फुप्फुसात जाईल ना. खाली श्वासनलिकेत काही गेलं तर मात्र आधी खोल श्वास, मग कॉर्ड बंद, आत प्रेशर, आणि मग खोकला.

कधी कधी कॉर्डचं हे दार मिटलेलंच राहतं, त्याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. अर्धवट भुलेत, त्यातही लहान मुलांमध्ये, लाळेचा थेंबही पुरतो, मग आम्ही मास्क घट्ट धरून प्रेशरने ऑक्सिजन देतो आणि भूल वाढवतो.

व्हायरल सर्दीनंतर या नर्व्ह काही आठवडे हळव्या होतात, नुसत्या बोलण्याने किंवा गार हवेनेही खोकला सुटतो. बीपीच्या एसीई इनहिबिटर गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो, घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

घसा आवळला की आधी त्या हवेतून बाहेर पडा, तोंडाने जोरात श्वास ओढू नका, नाकाने हुंगल्यासारखा छोटा श्वास घ्या (हुंगताना कॉर्ड उघडतात) आणि ओठांचा चंबू करून हळू सोडा. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत राहिला, ओठ-जीभ सुजली किंवा निळसर दिसली तर हे करत बसू नका, लगेच इमर्जन्सीत जा.