बर्फाचं परत पाणी होतं, मग उकडलेलं अंडं परत कच्चं का होत नाही?

या वेळी आलेले बरेच प्रश्न एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबतायत, पदार्थ तोच पण गरम असताना वेगळा, गार असताना वेगळा, ओला असताना आणखी वेगळा. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली आणि आज हीच घेतलीत.

प्रश्न : बर्फ वितळतो आणि पाणी परत गोठतं, मेणाचंही तसंच. मग अंड्यातला पांढरा भाग एकदा उकडला की गार केल्यावर परत पातळ का होत नाही? उष्णता तर दोन्हीकडे सारखीच दिली ना? (अकरावीची विद्यार्थिनी)

उत्तर : प्रश्न फार आवडला, कारण यात भौतिक बदल आणि जैविक पदार्थातला बदल असं दोन्ही एकत्र आलंय. बर्फ वितळतो तेव्हा पाण्याच्या रेणूचा आकार बदलत नाही, फक्त ते एकमेकांशी कसे रचलेत ते बदलतं, आणि परत रचायला त्यांना काही शोधावं लागत नाही, सगळे रेणू एकसारखेच. अंड्याच्या पांढऱ्या भागात साधारण १० टक्के प्रोटीन असतं, बाकी जवळजवळ सगळं पाणी. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी, पण ती सरळ पडलेली नसते, ठरावीक आकारात घडी घालून बसलेली असते आणि ती घडी खूपशा कमकुवत बंधांनी धरलेली असते. तापमान वाढलं की हे बंध सुटतात, घडी उलगडते, आणि पाण्यापासून लांब आत लपलेले तिचे भाग उघडे पडतात, ते मग शेजारच्या उलगडलेल्या साखळीच्या तशाच भागांना चिकटतात. लोकरीचे शंभर गुंडे एकाच टोपलीत सोडले तर जो गुंता होईल तसं होतं. या जाळ्यात पाणी अडकतं म्हणून ते घट्ट, आणि जाळं प्रकाश विखुरतं म्हणून पांढरं. लक्षात घे, साखळी स्वतः तुटलेली नाही, आणि गार केल्यावर उष्णता निघून जाते पण गुंता सुटत नाही.

त्यातही सगळी प्रोटीन्स एकाच तापमानाला हार मानत नाहीत. पांढऱ्या भागातलं ओव्होट्रान्सफेरिन हे प्रोटीन ६० अंशांच्या थोडं पुढे उलगडायला लागतं, ओव्हाल्ब्युमिन या दुसऱ्या प्रोटीनला मात्र ८० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं, म्हणून मधल्या तापमानाला अंडं थरथरतं आणि अर्धवट घट्ट राहतं.

आता "परत होतच नाही" हेही कुठल्या परिस्थितीत ते विचारायलाच हवं. ख्रिश्चन अन्फिन्सन या शास्त्रज्ञांनी रायबोन्युक्लिएज नावाचं एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन) रसायनांनी पूर्ण उलगडलं, आणि ती रसायनं काढून टाकल्यावर साखळी आपली आपणच परत घडी घालून कामाला लागली, १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा आहे. तिथे द्रावण पातळ होतं, गुंतायला शेजारीच फारसे नव्हते. २०१५ मध्ये तर कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी उकडलेल्या पांढऱ्या भागातलं लायसोझाइम हे एक प्रोटीन युरियात विरघळवून आणि पातळ थरात जोरात फिरवून काही मिनिटांत परत कामाच्या आकारात आणलं. अख्खं अंडं कच्चं झालं असं नाही, ते एकच प्रोटीन, पण तेवढंही पुरेसं बोलकं आहे.

आणि शेवटचं, उष्णता लागतेच असंही नाही. पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये दाखवलं की हजारो वातावरणांइतका दाब दिला तर अंड्याचा पांढरा भाग न तापवताच उकडल्यासारखा घट्ट होतो. आम्ल, अल्कोहोल यांनीही घडी मोडते.

प्रश्न : ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशाला १५ मिनिटांत उपकरणं निर्जंतुक होतात, पण कोरड्या ओव्हनला १६० अंश आणि दोन तास का लागतात? जास्त गरम असून कमी काम कसं?

उत्तर : कारण जंतूंना मारायला नुसतं तापमान पुरत नाही, पाणीसुद्धा लागतं. वर सांगितलेली घडी मोडायला भोवती पाणी असेल तर ती पटकन मोडते, कोरडं प्रोटीन त्याच तापमानाला कितीतरी जास्त वेळ तग धरतं. जिवाणूंचे बीजाणू (प्रतिकूल काळात तग धरणारं त्यांचं सुप्त रूप) इतके चिवट असतात त्याचं एक मोठं कारण हेच, त्यांच्या गाभ्यात पाणी फार कमी ठेवलेलं असतं. दुसरं म्हणजे वाफ गार वस्तूवर पडून तिचं पाणी होतं तेव्हा दर किलोमागे जवळपास २२०० किलोज्यूल उष्णता तिथल्या तिथे सोडते, गरम हवेला हे जमत नाही. म्हणूनच ऑटोक्लेव्हमधली हवा आधी बाहेर काढणं इतकं महत्त्वाचं, जिथे हवेचा खिसा राहिला तिथे काटा १२१ दाखवत असला तरी आत कोरडी उष्णताच चाललेली असते आणि १५ मिनिटं तिला अजिबात पुरत नाहीत! तेल आणि पावडरी यांच्या आत वाफ शिरत नाही, त्यांना ओव्हनच.

प्रश्न : रबर थंडीत कडक होतं. पण ते गोठतं का?

उत्तर : नेहमीच्या अर्थाने गोठत नाही. रबर ताणलं जातं आणि परत येतं ते त्याच्या लांब साखळ्या सतत वळवळत असतात म्हणून, थंडी वाढली की वळवळ मंदावते आणि एका तापमानाखाली ती जवळपास थांबून रबर काचेसारखं ठिसूळ होतं. नैसर्गिक रबराचं हे तापमान साधारण उणे ७० अंश. पण त्रास त्याच्या खूप आधीच सुरू होतो. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान उडालं तेव्हा हवा २ अंशांच्या आसपास होती, बूस्टरच्या (यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या) सांध्यातली ओ-रिंग, म्हणजे फट बंद ठेवणारं रबराचं कडं, काही काच झाली नव्हती, ती फक्त मंद झाली होती, आणि सांधा हलल्यावर तिने क्षणार्धात फुगून फट बुजवायची होती ते जमलं नाही. ७३ सेकंदांनी यान तुटलं, सातही जण गेले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अपघाताच्या चौकशीत सगळ्यांसमोर तेच रबर क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात ठेवलं आणि सोडल्यावर ते लगेच मूळ आकारात येत नाही हे दाखवलं. म्हणजे तापमानासोबत वेळ हीसुद्धा अटच, सावकाश काम असेल तर तेच रबर चाललं असतं.

एक प्रयोग जरूर करा, रबर बँडला वजन टांगा आणि हेअर ड्रायरने बँड गरम करा, वजन वर येतं. धातूची तार लांबली असती, ताणलेलं रबर आखडतं, कारण वळवळ वाढली की साखळ्या गोळा व्हायला बघतात.

प्रश्न : मग पुस्तकातले तक्ते चूक म्हणायचे का? प्रत्येक पदार्थापुढे एकच आकडा असतो.

उत्तर : चूक नाहीत, पण तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय आकडा वापरू नका एवढं मी अगदी कळकळीने सांगेन. पांढरं कथील १३.२ अंशांखाली हळूहळू करड्या कथिलात बदलू शकतं, तेच मूलद्रव्य, पण आकारमान पाव पटीहून जास्त वाढतं आणि त्याची भुकटी होते. साधं पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं, अॅल्युमिनियम होत नाही. लाकडाची ताकद बहुतेक वेळा १२ टक्के ओलाव्याला मोजलेली असते, ओल्या लाकडाला तो आकडा लावला तर फसगत ठरलेली.

सगळ्यात जास्त जपायचं ते हाडाच्या बाबतीत. वाळलेलं हाड ताज्या ओल्या हाडापेक्षा जास्त ताठ आणि जास्त ठिसूळ, त्यामुळे प्रयोगशाळेतला नमुना मोजताना ओला होता की सुका हे कळलं नाही तर त्या आकड्यावर काही ठरवता येत नाही. आणि जिवंत हाड तर भारानुसार स्वतःलाच बदलत राहतं, व्यायामाची नीट काळजी घेतली नाही तर अंतराळवीरांच्या कंबरेच्या हाडाची घनता दर महिन्याला १ ते १.५ टक्क्यांनी कमी होते, परत यायला मात्र बराच जास्त वेळ लागतो आणि काहींची पूर्ण परत येतही नाही.