चर्चच्या गटासोबत नेपाळच्या सेवादौऱ्याला पहिल्यांदा निघालास ना?

उपासनेचे कपडे शुक्रवारीच इस्त्री करून ठेव. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही बहुतेक ठिकाणी शनिवारीच. सोळाव्या वर्षी मी रविवारी नटूनथटून बसले होते. बाहेर पोरं दप्तरं घेऊन शाळेत निघालेली!

पत्रकं वाटायचा उत्साह मात्र घरीच ठेव. तिथे धर्मांतर करवणं गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद. त्यापेक्षा भिंती रंगव, भांडी घास. विटा वाहताना माझे तळवे सोलले, तर शेजारच्या आजींनीच कोमट मोहरीचं तेल चोळून दिलं. आणि म्हणे आम्ही सेवेला गेलो होतो!

बाजारात भाव ऐकलास की आधी ‘आयसी की एनसी?’ विचार, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. आपल्या 100 रुपयांचे तिकडे 160 होतात.