ट्रायल रूमच्या बाहेर तेवीस जण

गोव्यातल्या डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी नववीत. शाळेत वाढदिवसाला युनिफॉर्मऐवजी रंगीत कपडे चालतात, पुढे सहल आहे, ट्यूशनलाही रोज काहीतरी लागतंच, म्हणून दोघी खरेदीला निघाल्या. आधी म्हापसा, मग पणजीत १८ जून रस्ता, पाच दुकानं. मुलीला आखूड टॉप आणि ढगळ जीन्स हवी, आईला गुडघ्याखाली जाणारी कुर्ती. शेवटी मुलगी दुकानातच म्हणाली, "मला काही नको, वाढदिवसाला पण मी युनिफॉर्मच घालीन," आणि परतीच्या बसमध्ये वेगळ्या सीटवर जाऊन बसली. आईचा प्रश्न असा की स्टायलिश पण दिसेल आणि शाळेत शोभेल पण, असं काही घ्यायला हिला पटवायचं कसं, हल्लीच्या मुली ऐकतच नाहीत.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दीड पान कपड्यांवर आहे आणि मध्येच एक ओळ, लिहिताना तुम्हाला जाणवलीही नसेल. "ती ट्रायल रूममधून बाहेर आली की मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकत होते, तेवीस जण आहोत, लगेच मत कळतं. तिच्या आत्यानं लिहिलं यात जाड दिसते, तर तेवढ्यावरून तिचं तोंड उतरलं."

तेवढ्यावरून?

चौदा वर्षांच्या मुलीला नवा कपडा घालून पडद्याबाहेर यायला किती धीर करावा लागतो, विसरलात का हो तुम्ही? मागच्या गणेश चवथीचा ड्रेस यंदा खांद्यात बसत नाही, छातीत ओढतो, आरशात दर दोन महिन्यांनी वेगळीच कोणी दिसते. तशात ती बाहेर आली, आईला कसं वाटतं म्हणून आईकडे बघितलं, आणि आईनं मोबाइल वर धरला. एकदा नाही, पाच दुकानांत. त्या ग्रुपवर काका आहेत, आत्याचे यजमान आहेत, कॉलेजात जाणारे चुलतभाऊ आहेत, आणि काकानं अंगठा खाली केला हे पण तुम्हीच लिहिलंय. आत्याचं वाक्य मुलीला कळलं म्हणजे एकतर तिनं स्वतः वाचलं नाहीतर तुम्ही तिला वाचून दाखवलंत. मला दुसऱ्या गोष्टीचीच शंका जास्त आहे.

तुमचा हेतू चांगला होता वगैरे मी लिहीत बसणार नाही. युनिफॉर्म घालीन म्हणाली तो हट्ट नव्हता, युनिफॉर्ममध्ये ती सगळ्यांसारखी दिसते, तिच्या एकटीच्या पोटाबद्दल कोणी काही म्हणत नाही.

आमच्या वेळी चवथीला एकाच ठाणातलं कापड आणून आम्हा सगळ्या बहिणींना फ्रॉक शिवायचे आणि पाहुणेमंडळी तोंडावर बोलायची, ही काळी, ती बारकी. लागायचं. मला अजून आठवतंय कोण काय म्हणालं होतं ते, आणि ते तर नुसते शब्द होते, हवेत गेले. तुम्ही पाठवलेले फोटो तेवीस फोनांत आहेत. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय साधारण दोन-अडीच दिवसच चालते, तुमच्या खरेदीला तर आठवडा होऊन गेला, म्हणजे आता तुमच्या एकटीच्या हातात ते राहिलेलं नाही, आणि ज्याच्या गॅलरीत सेव्ह झाले ते झालेच.

२०२३ साली देशात डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूल धरलीय आणि कंपन्यांना तिची माहिती वापरायची तर आईबापाची संमती घ्यायला सांगितलंय. घरातल्या ग्रुपला हा कायदा लागत नाही, माहीत आहे मला. पण बघा ना, कायद्यानंही दारात आईलाच उभं केलंय. आपल्या गावच्या सीमेवर राखणदार असतो, आपण श्रद्धेनं त्याला रोटाचा नैवेद्य देतो. पोरीचा राखणदार तुम्ही आहात ताई, आणि दार तुम्हीच उघडून दिलंत.

तेव्हा आज रात्री एवढंच करा. आधी तिच्यासमोर बसा आणि सांगा, "मी तुला न विचारता तुझे फोटो पाठवले, चुकले, परत नाही पाठवणार." त्यापुढे पण-बिण जोडू नका, आणि तिनं लगेच माफ करावं अशी अपेक्षा पण नको, ती उठून आत गेली तर जाऊ दे. मग ग्रुपवर लिहा की फोटो सगळ्यांनी काढून टाका आणि तिच्या अंगाबद्दल यापुढे कोणी बोलायचं नाही. आत्या रुसेल. रुसू दे. नणंदेचा रुसवा चवथीपर्यंत निघेल, मुलीचं तसं नसतं.

कपड्यांचं त्यानंतर, आणि ते खरंच सोपं आहे. शाळेचा नियम तुम्हीच लिहिलाय, बाह्या हव्यात, पोट-पाठ झाकलेली हवी, गुडघ्याच्या वर काही नको. यात कुर्ती घालाच असं कुठं आहे? तिची ढगळ जीन्स नियमात बसते, वर कमरेखाली येणारा ढगळ शर्ट घेतला की झालं, आखूड टॉप ट्यूशनलाही नको असेल तर तसं सरळ सांगा, आत्याच्या तोंडून नको. वाढदिवस जुलैत म्हणता, तर पावसाचा विचार करा, जाड डेनिम तीन-तीन दिवस वाळत नाही आणि पांढरं पातळ कापड भिजलं की अंगाला चिकटतं. सुती टॉप पहिल्या धुण्यात थोडा आटतो, लांबी अगदी मोजकी असेल तर घेऊ नका. बाकी तिलाच बघू दे. कदंबाच्या बसमध्ये वरची दांडी धरतो तसा हात वर करायचा, वाकून बुटाची लेस बांधायची, स्टुलावर बसायचं. कुठं ओढतंय, कुठं उघडं पडतंय ते तिचं तिला कळेल, तुम्ही पडद्याबाहेर उभ्या राहा आणि तिनं विचारलं तरच बोला. मोबाइल पिशवीच्या तळाला ठेवा.

आणि शेवटी काय घेतलं ते मला लिहून कळवू नका. ते तुम्हा दोघींत राहू दे.