बारोलो इतकी फिकट आणि तुरट का लागते? तीन इटालियन रेड वाइन घरी चाखून कशा तपासायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: याआधी उघडलेली 2019ची बारोलो फिकट, कडेला विटकरी आणि तोंड आवळणारी निघाली. ती खराब होती का? आणि आता तीच बारोलो, एक कियांती क्लासिको आणि एक बार्बेरा द'आल्बा अशा तीन बाटल्या चौघांनी चाखायच्या, तर तुलना कशी करायची?

तुम्ही सांगता त्यावरून ती खराब नव्हती. बारोलो फक्त नेबियोलो या द्राक्षाची असते. नेबियोलोत रंगद्रव्यं मुळात कमी, आणि जी आहेत ती हवेने लवकर फिकी पडणाऱ्या जातीची. त्यात कायद्याने बारोलो विक्रीला येण्याआधी 38 महिने मुरावी लागते, त्यातले 18 लाकडात. त्यामुळे तरुण बारोलोच्या कडेलाही विटकरी छटा दिसते. याउलट बार्बेरा गडद जांभळी असते आणि तिच्यात टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारं तुरट द्रव्य, मात्र अगदी थोडं. या तीन बाटल्यांत रंगावरून ताकद ओळखायला गेलात, तर क्रम नेमका उलटा लागेल. ग्लासच्या आत उतरणाऱ्या ओघळांवरूनही दर्जा कळत नाही, ते मुख्यतः अल्कोहोलमुळे येतात.

इटलीची रेड वाइन उभी असते आंबटपणा आणि तुरटपणा यांवर. फळांचा गोडवा शोधत तिच्याकडे गेलं की ती रुक्ष वाटते. आपल्याकडे आंबट, तुरट आणि कडू हे शब्द स्वयंपाकघरात रोज वेगवेगळे वापरले जातात, चाखायला बसताना ही मोठी सोय आहे. तिन्ही एकात मिसळू देऊ नका.

आंबटपणा असा बघा: छोटा घोट चूळ भरल्यासारखा सगळ्या तोंडात फिरवा, थुंका, मग मान किंचित खाली करून तोंड जरा उघडं ठेवा. जिभेखाली लाळ किती झपाट्याने जमते तेवढा आंबटपणा. चिंचेच्या नुसत्या आठवणीने सुटते तशी धार लागली तर तो भरपूर आहे. तुरटपणासाठी लगेच जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. काजूचं बोंड किंवा अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ अडखळते, तसं होईल. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडातलं वंगण निघून जातं, म्हणून ही खरखर. तिचं प्रमाण जितकं महत्त्वाचं, तितकाच तिचा पोत. बारीक दळलेल्या पिठासारखी, सगळीकडे सारखी बसलेली खरखर चांगली. घशाशी कडवट, हिरव्या देठासारखी लागली तर द्राक्षं नीट पिकली नव्हती असं समजा.

बार्बेरात लाळ भरपूर सुटेल, हिरड्यांवर जवळजवळ काही नाही. कियांती क्लासिकोत निदान 80 टक्के सांजोवेझे हे द्राक्ष असतं. तिथे आंबट चेरी, चहाच्या पत्तीचा वास आणि दोन्ही गुण ठळक पण आटोक्यात. बारोलोत दोन्ही वरच्या टोकाला, आणि वास मात्र नाजूक: गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या, डांबर, ज्येष्ठमध. इतक्या फिकट ग्लासात इतकी पकड असणं हीच नेबियोलोची खूण.

आता मांडणी. चौघांना प्रत्येकी 50 मिली पुरे. बाटली 750 मिलीची, म्हणजे 550 मिली उरेल आणि ती पुढे कामाला येईल. ग्लास वर निमुळता होणारा घ्या, चाखण्याचा प्रमाण ग्लास जेमतेम 215 मिलीचा असतो, मोठा फुगीर ग्लास लागत नाही. कपाटातला किंवा साबणाचा वास ग्लासला राहतो, म्हणून नुसत्या पाण्याने विसळून, वाळवून, आधी रिकामा ग्लास हुंगून बघा. उदबत्ती, अत्तर, फोडणी त्या वेळी नको.

तापमानाकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. बार्बेरा 15 ते 16 अंश, कियांती 16, बारोलो 17 ते 18. खोलीत 30 अंश असेल तर बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवावी लागेल. बर्फाच्या पाण्यात पाऊण अंगापर्यंत बुडवली तर बरीच लवकर थंड होते, दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावा. 25 अंशांवर अल्कोहोल नाकात टोचतं आणि वाइन पसरट लागते. 10 अंशांवर सुगंध मिटतो आणि टॅनिन कडवट होतं. तुमच्या पहिल्या बारोलोचं बरंचसं गाऱ्हाणं इथूनच आलं असू शकेल.

बारोलो दोन ते तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात ओता. (वीस वर्षांची जुनी असती तर मी उलट सांगितलं असतं: एक दिवस उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि अगदी चाखण्याआधी ओता.) क्रम बार्बेरा, कियांती, बारोलो असाच ठेवा. टॅनिन घोटागणिक साचत जातं, आधी बारोलो प्यायलात तर पुढची प्रत्येक वाइन कोरडी लागेल. मध्ये पाणी आणि साधा पाव. चीज आणि खारे पदार्थ पहिल्या फेरीत अजिबात नको, कारण प्रथिनं, चरबी आणि मीठ तुरटपणा झाकतात.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, ओतणारा एकच असू द्या, आणि तिघींपैकी एक वाइन चौथ्या ग्लासात पुन्हा द्या (त्या बाटलीत 350 मिलीच उरेल). एकाच वाइनला कुणी दोनदा अगदी वेगळे गुण दिले, तर त्या दिवशी त्याच्या बाकीच्या गुणांवर फार विसंबू नका. शंभरपैकी गुण देण्यापेक्षा आंबट, तुरट, अल्कोहोलची ऊब यांना 0 ते 5 द्या आणि टिकाव सेकंदांत मोजा. मोजताना चेरी किंवा गुलाबाची चव किती वेळ राहते तेवढंच मोजा. नुसता तुरटपणा रेंगाळला तर तो टिकाव धरू नका, नवखे इथे हटकून फसतात. सहा-सात सेकंदांत सगळं संपलं तर साधी वाइन. वीसच्या पुढेही चव बदलत राहिली तर बाटली किमतीला जागली.

खराबी ओळखणं वेगळं. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यातल्या गोणपाटाचा वास आला आणि तो वेळ जाईल तसा वाढला, तर कॉर्कचा दोष. ती बाटली परत करा. जळक्या काडीचा किंवा कोंडलेला वास ग्लास फिरवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जातो, थांबा. नेलपॉलिशसारखा झणका जुन्या पद्धतीच्या बारोलोत थोडासा चालतो, बाकी सगळं झाकून टाकत असेल तर नाही. भारतात सर्वांत जास्त शंका घ्यावी ती उन्हाची: कॉर्क वर सरकलेला, त्याच्या बाजूने चिकट ओघळ, आणि वास शिजवलेल्या जामचा. असं काही नसेल तर तुमची बारोलो धडधाकट आहे.

दुसरी फेरी जेवणाबरोबर घ्याच. पार्मिजानो चीजचा तुकडा किंवा लोण्यात शिजवलेलं मटण तोंडात असताना बारोलोचा घोट घ्या. मघाची खरखर निम्म्यावर आलेली जाणवेल, कारण टॅनिनला चिकटायला आता दुसरी प्रथिनं मिळाली. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र ती नको. मिरचीने अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही भडकतात. थोडं तिखट हवंच असेल तर बार्बेरा बरी. सांजोवेझे आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही पिकतं, तिथली बाटली पुढच्या खेपेला कियांतीशेजारी ठेवून आंबटपणातला फरक बघा.

उरलेल्या बाटल्या कॉर्क लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला आणून तेच चार आकडे पुन्हा लिहा. बार्बेरा बहुधा मिटलेली असेल. बारोलोचा सुगंध वाढला आणि टॅनिन मऊ झालं असेल, तर तिच्या पुढच्या बाटल्या आणखी पाच-सात वर्षं थंड जागी आडव्या ठेवायला हरकत नाही.